बोर्डिंगचा हजेरीपट

(दिग्रस इथं भरलेल्या, बोर्डिंगच्या जुन्या पोरांच्या मेळाव्यातलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



माझ्या आधी चौघं बोलून गेले. चौघांनीही बोर्डिंगच्या गोड गोड आठवणी सांगितल्या. धावंडा नदीत डुंबलो, जिनिंगमागच्या सरकीच्या ढिगावर लोळलो, कोणाच्या धुऱ्यावरच्या बोरी झोडपल्या, टुरिंग टॉकीजच्या कनातीखालून घुसून फुकटात सिनेमा पाहिला. खरंय सगळं. त्यात मीही होतो. टाळ्याही वाजवल्या. पण टाळ्या वाजवता वाजवता मी डोकी मोजत होतो. १९७२ च्या जूनमध्ये पाचवीत नाव घालून आपल्याला या दिग्रसात आणून सोडलं, तेव्हा आपण ३१ पोट्टे होतो. १९७८ साली दहावीच्या परीक्षेला बसलो ते १२. त्यातले ९ आज मंडपात आहेत. दोघं मेले, एकाची तब्येत बरी नाही.

मधल्या सहा वर्षांत १९ पोरं गळाली. त्यांच्याबद्दल सकाळपासून एक अक्षर कोणी बोललेलं नाही. मी त्यांच्याबद्दलच बोलणार आहे. जेवण थंड होईल. होऊ द्या, आपल्याला थंड्या जेवणाची सवय आहे.

आज आपण जमलो कसे? नोकऱ्या संपल्या म्हणून. अठ्ठावन्न भरली, पेन्शन लागली, गुडघे कुरकुरायला लागले, मग बोर्डिंग आठवलं. तुपटाकळीनं मोबाईलवरून एकेकाला हुडकून काढलं, मेहनत केली गड्यानं. पण हुडकला तो प्रत्येक जण पेन्शनवाला निघाला. ज्याला पेन्शन नाही, त्याचा नंबर कोणाजवळच नव्हता.

नागपूर-मुंबईहून चळवळीतली तरणी पोरं इथं आलीत, त्यांच्यासाठी सांगतो. तुपटाकळी हे माणसाचं नाव नाही. बोर्डिंगात आम्हाला नावानं कोणी हाक मारत नसे, गावानं मारत. तुपटाकळी, हरसूल, सिंगद, कलगाव, मानोरा. ज्या गावानं आमच्या बापाला वेशीबाहेर ठेवलं, त्याच गावाचं नाव आमच्या अंगाला चिकटलं. खुद्द गावात आम्हाला कोणी गावाचं म्हणत नव्हतं, तिथं आम्ही 'त्या वस्तीतले'. गावाचं व्हायला गाव सोडून दिग्रसला यावं लागलं, अशी ही गंमत. आज ज्यांचं सांगणार आहे, त्यांची नावं मी घेणार नाही. गावं पुरेत.

आधी बोर्डिंग ही काय चीज आहे ते समजून घ्या. शाळेचं दार कायद्यानं उघडलं, तरी शाळेच्या गावात राहायचं कुठं? खोली कोण देणार? खानावळीत ताट कोण वाढणार? बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर आले. विद्या होती, राजाची नोकरी होती, राहायला खोली नव्हती. पारशी असल्याचं सांगून पारशांच्या एका विश्रामगृहात राहिले, तर लाठ्या घेतलेल्या घोळक्यानं येऊन त्यांना बाहेर काढलं. त्याच माणसानं १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, आणि सभेनं १९२५ साली सोलापुरात वसतिगृह उघडलं. देऊळ नाही, पुतळा नाही. निजायला जागा आणि दोन वेळचं ताट. त्याच्या आधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी जातीजातींची बोर्डिंगं उभी केली होती. १९२४ साली साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली आणली होती. आपल्या विदर्भात नागपूरचं चोखामेळा वसतिगृह होतं. आणि १९७२ साली मुंबईत पँथर निघाली, तिच्या पोरांचा अड्डा कुठला? वडाळ्याचं सिद्धार्थ विहार. तेही वसतिगृहच. चार टाळकी एका छपराखाली जेवायला-निजायला लागली, की रात्री बोलायला लागतात. रात्री बोलायला लागली, की प्रस्थापितांची झोप उडते.

तर ज्या वर्षी वडाळ्याच्या खोल्यांत पँथर जन्मली, त्याच वर्षी आम्ही पत्र्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन दिग्रसच्या एस.टी. स्टँडवर उतरलो. आमच्या बोर्डिंगात अड्डा नव्हता. ढेकूण होते.

१९७२ म्हणजे दुष्काळ. माय-बाप खडी फोडायला. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो. बोर्डिंगात त्याच मिलोची भाकर. तव्यावर असेतो भाकर, जर्मनच्या ताटात पडली की चामडं. सोबत वरण, म्हणजे तुरीची डाळ जवळून गेली असेल असं पाणी. हे सांगताना आपण हसतो. पण घरी त्या साली तेवढंही रोज नव्हतं, हे कोणी सांगत नाही. आम्ही बोर्डिंगात आलो ते विद्येसाठी नाही, भाकरीसाठी आलो. विद्या मागून आली. हे बोलायला लाज वाटते ना? कायले वाटावी? आपल्या पँथरनं ज्यांच्यावरून नाव घेतलं त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरांनी १९६९ साली ओकलंडमध्ये शाळकरी पोरांना सकाळचा फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली. हातात बंदुका असलेली माणसं ती, पण पोरांसाठी अंडी तळत उभी राहिली. उपाशी पोराच्या डोक्यात अक्षर शिरत नाही, हे कळायला पुस्तक लागत नाही.

आता हजेरीपटाकडं येतो.

अनुदान डोक्यामागं मिळायचं. कागदावर जितकी डोकी, तितका पैसा. मग डोकी कागदावरच वाढायला लागली. आमच्या संस्थाचालकाचं नाव मी घेत नाही. माणूस गेला, आणि तसले चालक एकट्या दिग्रसातच होते असंही नाही. त्याच्या हजेरीपटावर आम्ही कधी न पाहिलेली पोरं रोज हजर असायची. तपासणीचे साहेब येणार त्या सकाळी बाजारातून, वीटभट्टीवरून, कोणाकोणाच्या घरून पोरं गोळा करून आणत. त्यांना विहिरीवर आंघोळ घालत, पंगतीत बसवत, एकेकाला एकेक नाव पाठ करायला लावत. त्या दिवशी भात, घट्ट वरण, गुळाचा शिरा. भाड्याच्या पोरांची आणि आमची तेवढ्या दिवसाची दिवाळी. एकदा भट्टीवरचं एक पोट्टं साहेबासमोर गडबडलं. साहेब म्हणाले, "नाव काय रे तुझं?" ते म्हणे, "कोणतं सांगू?"

साहेब हसले. सही केली. गेले.

'कोणतं सांगू' हा पुढं सहा वर्षं आमच्या बोर्डिंगातला विनोद होता. मघाशी हरसूलनं तोच सांगितला आणि मंडप खदखदला. विनोद चांगला आहे, वाद नाही. पण त्याचा उरलेला भाग हरसूलनं सांगितला नाही, तो मी सांगतो. संध्याकाळी त्या पोराच्या अंगातला सदरा उतरवून घेतला, कारण तो आमच्यातल्याच एकाचा होता, आणि पोराला उघड्या अंगानं भट्टीवर परत पाठवलं. त्याचं पाठ केलेलं नाव हजेरीपटावर राहिलं. त्या नावावर गहू आला, डाळ आली, गोधडी आली. तो आला नाही.

आणि खरी पोरं एकेक करून जात होती. एक कोलामाचं पोट्टं होतं, पांढरकवड्याकडचं. त्याची घरची बोली कोलामी. आमची मराठी त्याला समजत नसे, मास्तरची तर मुळीच नाही. मास्तर विचारायचे, ते बघत राहायचं, मास्तर मारायचे. एका रात्री ते चालत निघून गेलं. इथून पांढरकवडा किती लांब आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी सुप्रिटेंडन म्हणाला, "गेलं ते सुटलं." नाव मात्र कटलं नाही. सालभर ते पोट्टं हजर होतं.

कलगाव आठवतो का? गणितात आपल्या सगळ्यांच्या पुढं. बोटं न मोजता पावकी-दिडकी म्हणायचा. १९७५ साली, सातवीच्या वार्षिक परीक्षेला महिना राहिला असताना त्याचा बाप आला. सालदार होता बाप. पाय मोडून बसला होता, काठीवर आला. सुप्रिटेंडनला म्हणाला, "साहेब, माह्या जागी याले उभं करा लागते. नाही त मालक उचल परत मांगते." उचल म्हणजे वर्षाच्या सुरवातीला घेतलेलं कर्ज, त्यापायी अख्खं साल बांधलेलं. तेरा वर्षांच्या पोरानं पेटी डोक्यावर घेतली, बापाच्या मागं निघाला. आम्ही खिडकीत.

गेल्या महिन्यात मी त्याच्याकडं जाऊन आलो. इथून कलगाव किती दूर? एस.टी.नं चहा पिऊन यावं इतकं. घर तेच, त्यावर टिना आल्या एवढंच. त्यानं मला ओळखलं, आधी माझ्या गावाच्या नावानं हाक मारली, मग 'साहेब' म्हणायला लागला. मी मेळाव्याचं सांगितलं. तो म्हणाला, "मले कायले बलावता बापा? मी काही पास नाही झालो."

दोस्तहो, मेळावा पास झालेल्यांचा असतो असं त्याला वाटतं. हे त्याला कोणी शिकवलं? आत्मकथनं आली, मोठी आली. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ सालचं, म्हणजे आमच्या दहावीच्या सालचं. त्यात संगमनेरचं बोर्डिंग आहे. त्या पुस्तकानं मराठी साहित्याच्या सोवळ्याला आग लावली. पण ही पुस्तकं लिहिली ती शाळेतून बाहेर पडून लिहिण्यापर्यंत पोचलेल्यांनी. सातवीत पेटी उचलून गेलेल्याचं आत्मकथन कोण लिहिणार? त्याला लिहिता येतं, पण कागद कोण देणार?

एक कडू गोष्ट आहे, ती गिळून टाकू नका. पंगतीचं बोलतो. आमच्या बोर्डिंगात बहुतेक पोरं बौद्ध, काही चांभारांची, काही लमाण तांड्यावरची, दोन मातंग. ते दोघं कुठं बसत? शेवटी, दाराजवळ. बामणानं बसवलं का? बामण तिथं होता कुठं? वरच्या वर्गातल्या आपल्याच थोरल्या पोरांनी बसवलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि फोटोखाली ही अशी पंगत. मानोरा त्या दोघांतला एक. तीन साल तो दाराजवळ बसून जेवला.

पुढं नागपूरला कॉलेजात गेलेला एक जुना विद्यार्थी दिवाळीत आला. त्याच्या पिशवीत पँथरचा १९७३ चा जाहीरनामा होता, हातोहात फिरून चिंध्या झालेला. रात्री कंदिलाभोवती त्यानं तो वाचला. दलित म्हणजे कोण, तर अनुसूचित जाती, जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, सगळे पिळले गेलेले. अर्धं आम्हाला समजलं नाही. पण दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी त्यानं मानोराचं ताट उचललं आणि पंगतीच्या मधोमध नेऊन ठेवलं. थोरली पोरं कुरकुरली. एक उठून गेला, उपाशी निजला, तिसऱ्या दिवशी परत येऊन बसला. बस, एवढंच. भाषण नाही, मोर्चा नाही. चळवळ दिग्रसला पोचली ती त्या ताटावर बसून पोचली. मानोरा आज इथं नाही. त्याला निरोप गेला का, ते संयोजकांनी जेवताना मला सांगावं.

आणि बोर्डिंग कोणाचं होतं? मुलांचं. माझी बहीण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला चौथीतूनच काढली होती. मी बोर्डिंगात गेलो त्या जूनपासून ती पुरा हंगाम निंदायला जायला लागली, पुढं कापूस वेचायला. माझ्या वह्या, माझी चड्डी, एस.टी.चं भाडं तिच्या रोजीतून आलं. त्याच साली सरकारनं कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. कापसाचा भाव काय असावा यावर विधानसभेत भांडणं झाली. वेचणारीच्या बोटांचा भाव कोणी विचारला नाही. नागपुरात जाईबाई चौधरींनी १९२२ साली पोरींसाठी चोखामेळा कन्या पाठशाळा काढली होती. त्यानंतर पन्नास वर्षांनी आमच्या बोर्डिंगात पोरीला जागा नव्हती. आज मंडपात बाया दिसतात त्या कोण? आपल्या बायका, मागच्या रांगेत. ज्यांच्या रोजीवर आपण शिकलो त्या बहिणी कुठंयत? त्या या बोर्डिंगच्या माजी विद्यार्थी नाहीत का? माझ्या मते आहेत. फी त्यांनी भरली.

दहावी झालो आणि सिंगद नांदेडला गेला. अकरावीत नाव घातलं. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना मारलं. वस्त्या जाळल्या. सिंगद पैनगंगा ओलांडून परत आला तो पुन्हा कॉलेजात गेला नाही. सायकलचं दुकान टाकलं. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. तोवर त्याची पोरं शाळेत जायला लागली होती. तो आज पहिल्या रांगेत बसलाय. मघाशी संयोजकांनी त्याची ओळख करून देताना 'यशस्वी व्यावसायिक' म्हटलं. सिंगद, तू हसलास, ते मी पाहिलं.

हे सगळं जुनं उगाळतोय असं कोणाला वाटेल. मग नवं सांगतो. हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला आणि त्याच्या चार साथीदारांना वसतिगृहातून बाहेर काढलं. त्यांनी उघड्यावर तंबू टाकला, त्याला वेलिवाडा नाव दिलं. तेलुगूत वेलिवाडा म्हणजे आपली गावकुसाबाहेरची वस्ती. १७ जानेवारी २०१६ ला रोहित गेला. म्हणजे बडोद्याच्या विश्रामगृहापासून हैदराबादच्या वसतिगृहापर्यंत, ९९ वर्षांत, खोलीतून बाहेर काढणं चालूच आहे. आणि आता बाहेर काढायची नवी रीत निघालीय, पैसे खात्यात टाकायची. २०१८ साली आदिवासी वसतिगृहांत जेवणाऐवजी बँकेत पैसे द्यायचं धोरण आलं, तेव्हा पोरं पुण्याहून नाशिककडं पायी निघाली. का निघाली? पैसे नको होते का? ताट पाहिजे होतं. आपल्या पोरांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर खात्यात रक्कम. रक्कम घ्यावी, हक्काची आहे. पण खात्यातला पैसा जात विचारणाऱ्या घरमालकाचं दार उघडत नाही. तो आजही आधी आडनाव विचारतो, मग डिपॉझिट. आणि खोलीत एकट्यानं मॅगी खाणाऱ्या पोराला कंदिलाभोवती कोणी जाहीरनामा वाचून दाखवत नाही.

कॅनडात मूळ रहिवाशांच्या पोरांना सरकार आणि चर्चनं बोर्डिंग शाळांत डांबलं, त्यांची भाषा मोडली. तिथं पोरं ओढून नेली, इथं आमचे बाप दाखला घेऊन दारात उभे राहिले. दोन्ही गोष्टी एक नाहीत, मी करणारही नाही. पण ती पोरं म्हातारी झाल्यावर जमली, ती नुसती गळ्यात पडायला जमली नाहीत. आयोगापुढं साडेसहा हजारांहून जास्त माणसांनी जबान्या दिल्या, २०१५ साली अहवाल आला. आमच्या कोलाम पोट्ट्याला ती जबानी फार ओळखीची वाटली असती.

आता कामाचं. संयोजकांचा विचार असा, की स्मरणिका काढायची, पहिल्या पानावर संस्थाचालकाचा फोटो छापायचा, आणि उरलेल्या वर्गणीतून जुन्या जागेवर कमान बांधायची. माझा विरोध आहे, तो इथं उभा राहून नोंदवतो. कमानीखाली कोण झोपणार? फोटो छापायचाच तर आमच्या स्वयंपाकीण बाईचा छापा. ती मिलोच्या पिठात आपल्या घरची मूठभर ज्वारी मिसळायची. फोटो मिळणार नाही, कारण तिचा कोणी काढलाच नाही. मग ते पान कोरं सोडा.

वर्गणीचं म्हणाल तर दिग्रसात दोन खोल्या भाड्यानं घ्या. भाडेपट्टी आपल्या पेन्शनवाल्यांच्या नावानं, म्हणजे आडनाव आपलं विचारू दे. एक पोरांसाठी, एक पोरींसाठी, आणि एक चूल. कमानीच्या पैशात काही साल निघतील. मतदान घ्या. मी हरलो तर माझी वर्गणी मला परत द्या, मी एक खोली घेतो.

ही वही टेबलावर ठेवतोय. दोनशे पानी आहे, कोरी आहे. जेवायला बसण्याआधी प्रत्येकानं तीत आठवेल तेवढं लिहायचं. कोण कोणत्या वर्गात गेलं, का गेलं, कोणासोबत गेलं. नाव आठवलं नाही तर गाव लिहा. भट्टीवरच्या पोराचं पान मी लिहिलंय, त्यात नावाची जागा रिकामी आहे. कोणाला खरं नाव ठाऊक असेल तर भरा.

उद्या सकाळी सात वाजता एस.टी. स्टँडवरून कलगावला जीप निघते. सात जणांची जागा आहे, चार झाले.